गाडीखाली जाण्याआधी

आमचं बीरगांव उरला औद्योगिक क्षेत्राला लागून आहे. इथल्या रोलिंग मिलमध्ये क्रेनला टांगलेल्या मालाखाली कुणी उभं राहत नाही. पहिल्याच दिवशी तसं बजावलेलं असतं. तीच माणसं रविवारी ऑइल बदलायला अंगणात गाडी जॅकवर चढवतात आणि खुशाल तिच्याखाली सरकतात. याची मला खरोखर धास्ती वाटते. स्वतःच्या गाडीचं तेल मी अनेक वर्षं घरीच बदलत आलोय. त्यातून पक्कं झालेलं सांगतो.

1. जॅक फक्त उचलण्यासाठी. हायड्रॉलिक जॅकमध्ये सगळा भार तेलावर आणि रबरी सीलवर असतो. सील गेलं किंवा व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला की गाडी खाली येते. गाडीबरोबर मिळणारा कात्रीचा जॅक पंक्चर झालेलं चाक बदलण्यापुरता आहे. गाडी जराशी पुढेमागे झाली तरी तो कलंडतो. जॅकने उचलायचं, जॅक स्टँडच्या जोडीवर टेकवायचं, मगच खाली जायचं. जॅकही काढून घेऊ नका, हलका टेकलेला राहू द्या.

2. विटा नकोत. आपल्याकडे राखेच्या विटा आणि सिमेंटचे ब्लॉक गल्लोगल्ली पडलेले असतात, म्हणून हात आधी तिकडेच जातो. भिंतीत वीट भक्कम वाटते, कारण तिथे मसाल्यामुळे भार तिच्या सगळ्या अंगावर सारखा पसरतो. गाडीखाली तोच भार पत्र्याच्या अरुंद कडेतून एका रेघेवर येतो, आणि वीट आधी न वाकता, न करकरता एकदम फुटते. छोट्या गाडीचं वजनही आठशे किलोच्या आसपास असतं, त्यातलं निम्म्याहून अधिक पुढच्या बाजूला, म्हणजे नेमकं ऑइल चेंबर असतं तिथे. ठोकळा लागलाच तर सालाच्या किंवा तशाच कठीण लाकडाचा घ्या, रुंद आणि न चिरलेला.

3. जमीन बघा. काँक्रीट, सपाट, कोरडं. मुरमाच्या अंगणात स्टँडचा पाय एका बाजूने रुततो. पावसाळ्यात काळ्या मातीत तर विचारूच नका. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो तेव्हा डांबरही मऊ पडतं. काँक्रीट नसेल तर हे काम घरी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

4. हँडब्रेकवर विसंबू नका. बहुतेक गाड्यांत तो फक्त मागची चाकं धरतो. छोट्या गाड्यांत इंजिनची ताकद बहुधा पुढच्या चाकांना जाते. म्हणजे पुढची बाजू उचलली की गियरचा उपयोग संपला, आणि मागची उचलली की हँडब्रेकचा. जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावायचे, उचलण्याच्या आधी.

5. टेकवायची जागा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. दारांखालच्या कडेला खाचा असतात, त्या त्याच. ऑइल चेंबरला जॅक कधीही लावू नका.

6. खाली जाण्याआधी गाडीला उभ्यानेच धक्का द्या, जोरात. डुगडुगली तर उतरवून पुन्हा मांडा. ड्रेन नट घट्ट असतो. खालून पान्ह्याला झटका दिला की गाडीलाही तितकाच झटका बसतो. तो उभ्यानेच देऊन बघितलेला बरा. चाक काढलं असेल तर तेही दाराखाली आडवं सरकवून ठेवा.

7. नुसतं इंजिन ऑइल बदलायचं असेल तर लोखंडी रॅम्पची जोडी मला जास्त पसंत आहे, कारण गाडी स्वतःच्या चाकांवरच उभी राहते. गियर ऑइलची पातळी तपासताना मात्र गाडी चारही बाजूंनी समतल लागते. घरात चार चांगले स्टँड नसतील तर ते काम गॅरेजवर सोपवा.

8. एकट्याने करू नका. घरातलं कुणीतरी हाकेच्या अंतरावर हवं, आणि जॅक कसा चालतो हे त्याला माहीत हवं. मुलांना अंगणापासून लांब ठेवा.

चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात भेटणारी तरुण मुलं विचारतात, सुरुवातीला काय काय विकत घेऊ? पान्ह्यांचा सेट, फिल्टरचा पान्हा, सगळं नंतर घ्या. आधी वजनाची क्षमता स्पष्ट छापलेली जॅक स्टँडची जोडी घ्या. ती घरात येईपर्यंत तेल गॅरेजमध्येच बदलून घ्या, ही विनंती.