हात जपणारा कीबोर्ड कसा निवडावा?

वस्तीतल्या टायपिंग क्लासला जाणाऱ्या मुली आणि डेटा एन्ट्रीच्या कामावर असलेली मुलं अलीकडे एक तक्रार हमखास सांगतात. रात्री हाताला मुंग्या येतात, सकाळी बोटं आखडलेली असतात, मनगटातून कळ निघते. घरचे म्हणतात, सवय नाही म्हणून होतंय, बाम लाव. आमच्या गल्लीतल्या एका मुलीने असाच बाम चोळत चार महिने काढले. मराठी ३० शब्दांचं प्रमाणपत्र हाती आलं, तेव्हा तिच्याने पाण्याची कळशी उचलवत नव्हती. लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीसाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग लागतोच, त्यामुळे टायपिंग सोडा असं कुणाला सांगता येत नाही. मात्र कोणत्या कीबोर्डवर आणि कसं बसून टाईप करायचं, हे ठरवणं आपल्या हातात आहे.

थोडा हिशेब करू. मिनिटाला ४० शब्द आणि एका शब्दाला सरासरी ५ ठोके धरले तर मिनिटाला २०० आणि तासाला १२,००० ठोके होतात. एका बटणाला ६० ग्रॅम जोर लागतो आणि दुसऱ्याला ४५, असं समजा. फरक १५ ग्रॅमचा, म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण तासाभरात तो १८० किलोवर जातो. हिशेब ढोबळ आहे, तरी बोटांचे स्नायू का थकतात ते त्यातून कळतं.

आपल्याकडचा नेहमीचा स्वस्त कीबोर्ड आतून असा असतो: प्रत्येक बटणाखाली रबराची छोटी टोपी असते. ती पूर्ण दबून तळाला टेकली की अक्षर उमटतं. म्हणजे प्रत्येक अक्षराला बोट तळावर आपटणारच. कीबोर्ड जुना झाला की रबर कडक होतं, मग आपण आणखी जोर लावतो. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला स्वतःचा स्विच आणि स्प्रिंग असते. बटण साधारण ४ मिलिमीटर खाली जातं, पण अक्षर निम्म्या वाटेवर, २ मिलिमीटरलाच उमटतं. पुढचं अंतर दाबायची गरज नसते. खरा फायदा इथे आहे, पण तो आपोआप मिळत नाही. जुन्या सवयीने धाडधाड आपटत राहिलात तर महागडा कीबोर्डही तेवढाच त्रास देईल. पहिले पंधरा दिवस वेग विसरा आणि हलक्या हाताने टाईप करा.

स्विच रंगावरून ओळखतात. चेरी या जर्मन कंपनीने हे रंग रूढ केले आणि बाकीच्यांनी ते उचलले. लाल स्विच सरळ, अडथळा न लागता खाली जातो, त्याला सुमारे ४५ ग्रॅम जोर लागतो. तपकिरीला मध्येच एक बारीक टेंगूळ लागतं आणि अक्षर उमटल्याचं बोटाला कळतं, जोर सुमारे ५५. निळा टिकटिक वाजतो, त्याला ६० च्या आसपास जोर लागतो. काळा लालसारखाच सरळ पण जड, तोही ६०. दुकानदार बहुधा निळा पुढे करतो, कारण आवाज ऐकून गिऱ्हाईक खूश होतं. एका खोलीत लेकरू झोपलेलं, सासूबाई आजारी, अशा घरात रात्री निळा कीबोर्ड चालणार नाही. विहारातल्या अभ्यासिकेत तर शेजारचा उठून जाईल.

माझं मत विचाराल तर जोर लावून टाईप करायची सवय असलेल्याने आधी तपकिरी घ्यावा, कारण ते टेंगूळ बोटाला थांबायला शिकवतं. ज्याचा हात आधीच दुखतो आणि ज्याचं बोट हलकं आहे, त्याने लाल घ्यावा. ३५ ग्रॅमचेही स्विच मिळतात, पण बोटं बटणांवर टेकवून ठेवायची सवय असेल तर त्यावर नको ती अक्षरं उमटतात आणि चुका वाढतात.

एकच रंग असला तरी कंपनीगणिक जोर बदलतो, म्हणून दुकानातच तपासून घ्या. दहा रुपयांचं नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं असतं. एका बटणावर खोडरबराचा लहान तुकडा ठेवा, नाहीतर नाणं शेजारच्या बटणांना टेकतं. त्यावर एकेक नाणं अलगद ठेवत जा. सहा नाण्यांच्या आसपास अक्षर उमटलं तर स्विच हलका, आठ लागली तर जड. दुकानदार हसला तर हसू द्या, पैसे आपले जाणार आहेत.

आता आकाराचं. पूर्ण कीबोर्ड जवळपास ४५ सेंटिमीटर रुंद असतो. उजवीकडच्या आकड्यांच्या पट्ट्यामुळे माऊस लांब जातो, हात बाहेर ताणलेला राहतो आणि खांदा भरून येतो. ८७ बटणांचा कीबोर्ड ३६ सेंटिमीटरच्या आसपास असतो, त्यात हा पट्टा नसतो आणि माऊस जवळ येतो. ६१ बटणांचा त्याहून लहान, पण त्यात बाणांची बटणं वेगळी नसतात, दोन बटणं एकदम दाबावी लागतात. दुखऱ्या हाताला ते नकोच. मराठीचे काही जुने फॉन्ट वापरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: त्यातली काही अक्षरं ऑल्ट दाबून आकड्यांच्या पट्ट्यावरूनच टाईप करावी लागतात. दिवसभर आकडे भरणाऱ्यांनी लहान कीबोर्डसोबत आकड्यांचा सुटा पट्टा घ्यावा, तो डाव्या हातालाही ठेवता येतो.

स्विच काढून बदलता येणारा कीबोर्ड मिळाला तर उत्तम. धूळ जाऊन एखादं बटण बिघडलं तर तेवढाच स्विच बदलता येतो, सगळा कीबोर्ड फेकावा लागत नाही. रंगीत दिव्यांना पैसे मोजू नका.

एवढे पैसे नसतील तर साध्या कीबोर्डवरही पुष्कळ करता येतं. मागचे दोन पाय बंद करा, ते उघडले की मनगट वर वाकतं. पेटीवर किंवा पलंगावर कीबोर्ड ठेवत असाल तर तो कोपराच्या उंचीला किंवा किंचित खाली येईल असं बसा, गरज पडली तर बुडाखाली उशी घ्या. मेकॅनिकल कीबोर्ड जरा उंच असतो, त्याच्यापुढे पंच्याची घडी ठेवा. थांबल्यावर त्यावर तळहात टेकवा, मनगट नको. अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटं हात मोकळे सोडा.

परीक्षा देणाऱ्यांनी शेवटचे तीन आठवडे साध्या कीबोर्डवर सराव करावा. केंद्रावर बहुधा तोच पुढ्यात येतो आणि लाल स्विचला सरावलेलं बोट तिथे अडखळतं.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांनाच मुंग्या येत असतील, रात्री त्यामुळे जाग येत असेल, तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता आहे. फक्त करंगळीच्या बाजूला येत असतील तर दुसरी नस, तिचा त्रास बहुधा कोपराशी असतो. गरोदरपणात आणि मधुमेह किंवा थायरॉईड असलेल्यांना मनगटाचा त्रास अधिक होतो. कीबोर्ड बदलून हा आजार बरा होत नाही. हातातून वस्तू निसटू लागल्या किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग सपाट दिसू लागला, तर परीक्षा संपायची वाट न पाहता सरकारी रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. वरच्या त्या मुलीला आधी रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला होता. आता तिच्याकडे ८७ बटणांचा, तपकिरी स्विचचा कीबोर्ड आहे. तो तिने भावासोबत निम्मे पैसे घालून घेतलाय, दिवसा तो वापरतो आणि संध्याकाळी ती.