लवंगीचं गुरगुरणं

कॅलिफोर्नियात आमच्या ओळखीच्या मराठी घरांत एक बोलणं ठरलेलं असतं. मुलं कुत्र्यासाठी हट्ट धरतात, आईबाबा वर्ष-दोन वर्षं टाळाटाळ करतात आणि शेवटी तडजोड होते, "बरं, आणू या. पण छोटं हवं हं." छोटं म्हणजे खाणं कमी, फिरवणं कमी, केस कमी आणि घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना भीती नाही, असा हिशेब त्यामागे असतो. आमच्याकडे लवंगी याच वाटेनं आली. ती घरात सगळ्यांची लाडकी आहे आणि तिच्याशिवाय घराची कल्पना आता करवत नाही. तरीही चिवावा आणि टेरियर यांच्या संकरातलं कुत्रं आणायचा कुणी विचार करत असेल, तर आमच्याकडे काय झालं ते त्यांनी आधी ऐकावं, असं मला कळकळीनं वाटतं.

इथल्या शेल्टरमध्ये, म्हणजे बेवारस कुत्र्या-मांजरांच्या निवाऱ्यात गेलात, तर पिंजऱ्यांमागून पिंजरे चिवावांचे आणि त्यांच्या संकरांचे दिसतात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी टाको बेल या फास्टफूड साखळीच्या जाहिरातीत चिवावा झळकला. २००१ साली 'लीगली ब्लाँड' या सिनेमात नायिकेच्या हातात तो होता आणि २००८ साली तर त्याच्यावर अख्खा सिनेमा निघाला. हौसेनं आणलेली कुत्री नंतर लोकांनी सोडून दिली. २०१०च्या सुमारास कॅलिफोर्नियातले शेल्टर चिवावांनी इतके भरले, की त्यांना विमानात बसवून न्यूयॉर्कसारख्या शहरांत पाठवलं गेलं, कारण तिकडे त्यांना घरं मिळत होती. एवढ्या माणसांना ही कुत्री नकोशी का झाली असतील, हा प्रश्न घरी आणायच्या आधी विचारण्यासारखा आहे.

लवंगीच्या पिंजऱ्यावरच्या कार्डावर लिहिलं होतं : चिवावा-टेरियर मिक्स, वजन ११ पौंड, शांत, मांडीवर बसायला आवडतं. शेल्टरमध्ये जात बहुतेक वेळा रूप पाहून अंदाजानं लिहिलेली असते, आणि स्वभाव बुजलेल्या अवस्थेत पाहिलेला असतो. घाबरलेलं कुत्रं शांतच दिसतं. त्याचा खरा स्वभाव घरात काही आठवडे गेल्यावर उलगडतो.

या संकरात दोन अगदी वेगळ्या परंपरा एकत्र येतात. मेक्सिकोचा चिवावा हा एका माणसाचा कुत्रा. अमेरिकन केनेल क्लबच्या निकषानुसार त्याचं वजन ६ पौंडांच्या वर जाता कामा नये. एवढासा जीव आपलं माणूस निवडतो, त्याला चिकटून राहतो आणि परक्याकडे संशयानं बघतो. टेरियर घडवले इंग्लंड-स्कॉटलंडच्या शेतकऱ्यांनी आणि शिकाऱ्यांनी. उंदीर मारायचे, कोल्ह्याच्या बिळात शिरायचं, हे त्यांचं काम. जॅक रसेल टेरियर ज्यांच्या नावानं ओळखला जातो, ते डेव्हनचे पाद्री जॉन रसेल हेही शिकारीचे शौकीन. जमिनीखाली अंधारात मालकाचा हुकूम पोचत नाही, त्यामुळे स्वतः ठरवणारा आणि माघार न घेणारा कुत्राच तिथे टिकायचा. आता हा संशय आणि हे धाडस पाच किलोंच्या अंगात बसवा. लवंगी माझ्या मांडीचं रक्षण करते, आमच्या कन्येनंही परवानगी घेऊन जवळ यावं असं तिला वाटतं, आणि मागच्या अंगणात गोफरनं, म्हणजे इथल्या बिळं करणाऱ्या उंदरासारख्या प्राण्यानं, बीळ केलं की नाक मातीनं माखेपर्यंत उकरत बसते.

मुख्य गोष्ट चाव्याची. मोठं कुत्रं गुरगुरलं तर खोलीतली माणसं जागच्या जागी थांबतात. लवंगी गुरगुरली की सगळे हसत. "बघा, केवढा राग!" म्हणत कुणीतरी तिला आणखी कुरवाळायचं, कुणी मोबाइल काढायचं, आणि एखादं वडीलधारं माणूस तिला दटावायचं. तिला काही नको असेल तर ते सांगण्याचे तिचे मार्ग आधी फार बारीक होते. ओठांवरून जीभ फिरवायची, अवेळी जांभई द्यायची, मान दुसरीकडे वळवायची, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघायचं, अंग ताठ करायचं. थरथर सुटली तर लोक म्हणायचे, थंडी वाजतेय. यातलं काहीच चाललं नाही की ती गुरगुरायची. त्याचंही हसं झालं, वर ओरडा मिळाला, तेव्हा हळूहळू तिनं गुरगुरणंच सोडून दिलं. घरात सगळ्यांना वाटलं, लवंगी सुधारली.

दिवाळीच्या फराळाला माणसं जमली होती. एका मित्राच्या पाच वर्षांच्या मुलानं तिला सोफ्याच्या कोपऱ्यातून, पाठीमागून, दोन्ही हातांनी उचललं. आवाज न करता तिनं त्याचं मनगट पकडलं. दात रुतले, रक्त आलं. जखम धुऊन मुलाला लगेच डॉक्टरकडे नेलं. इथे कुत्र्याचा चावा डॉक्टरांना सरकारी आरोग्य खात्याला कळवावाच लागतो. रेबीजची लस दिलेली असली तरी चावणाऱ्या कुत्र्याला १० दिवस वेगळं, नजरेखाली ठेवायचं असतं. कॅलिफोर्नियाचा कायदा कुत्रं याआधी कधी चावलं होतं का हे विचारत नाही, आणि त्याचं वजनही विचारत नाही. सार्वजनिक जागी किंवा रीतसर घरी आलेल्या पाहुण्याला चावलं, की नुकसानभरपाईची जबाबदारी मालकाची. त्या मुलाच्या आईवडिलांनी मोठ्या मनानं घेतलं. सगळेच तसं घेतील असं नाही. (पुण्या-मुंबईत असं घडलं, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. कुत्रं घरातलं आहे, लसीकरण झालंय, म्हणून थांबायचं नाही.)

व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली लहान आणि मोठ्या कुत्र्यांच्या मालकांची तुलना प्रसिद्ध केली. लहान कुत्र्यांचे मालक वागण्यात सातत्य कमी ठेवतात, कुत्र्याला शिकवण्यात आणि त्याच्याशी खेळण्यात वेळ कमी घालवतात, असं त्यात दिसलं. शिक्षा जास्त तिथे आक्रमकपणाही जास्त होता, आणि लहान कुत्र्यांमध्ये भित्रेपणासुद्धा. माझ्या मते तर या कुत्र्यांची तापट म्हणून झालेली बदनामी निम्मी आपल्या हातांनी केलेली आहे.

म्हणून पहिलं सांगणं हे, की गुरगुरण्याला कधीही शिक्षा करू नका. गुरगुरलं की हात मागे घ्या, मुलांना बाजूला करा आणि त्याला काय खुपतंय ते शोधा. कुत्रं कितीही हलकं असलं तरी न सांगता उचलू नका. आम्ही आता "वर" असा शब्द ठेवला आहे. तो म्हणून थांबायचं, ती पुढे आली तरच एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली घालून उचलायचं. कुरवाळतानाही दोन-तीन सेकंदांनी हात थांबवून बघा. ती स्वतः डोकं घुसवते की निघून जाते, यातून उत्तर मिळतं. घरी माणसं येणार असतील तर तिची वेगळी खोली, तिचं अंथरूण आणि चघळायला काहीतरी असं तयार ठेवा, आणि "थोडा वेळ तरी आणा ना तिला" या आग्रहाला बळी पडू नका. लहान मूल आणि असं कुत्रं एका खोलीत, मोठं माणूस जवळ नसताना, कधीच नको.

टेरियरच्या अंगातलं काम दाबता येत नाही, त्याला वाट करून द्यावी लागते. अंगणाचा एक कोपरा आम्ही उकरण्यासाठी सोडला. रोजच्या खाण्यातलं थोडं जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवून देतो, ती वासावर शोधून काढते. रस्त्याकडच्या काचेला खालून अर्धी अपारदर्शक फिल्म लावल्यावर टपालवाल्यावरचं भुंकणं पुष्कळ कमी झालं. चालायला तिला मनापासून आवडतं. कमी फिरवावं लागतं हा समज पहिल्याच आठवड्यात निकालात निघतो.

शरीराबद्दल थोडक्यात सांगते. गळ्यात पट्टा अडकवून दोरी ओढू नका, छातीला बसणारा हार्नेस घ्या. या जातींत श्वासनलिका कमकुवत असू शकते, आणि भोंगा वाजल्यासारखा कोरडा खोकला सुरू झाला तर डॉक्टरांना दाखवा. चालता चालता चार पावलं मागचा एक पाय उचलून धरायचा आणि पुन्हा काही न झाल्यासारखं पळायचं, हे गुडघ्याची वाटी सरकत असल्याचं लक्षण असू शकतं. याच्या चार पायऱ्या धरतात आणि वरच्या दोन पायऱ्यांना बहुधा शस्त्रक्रिया लागते. अमेरिकेत तो खर्च हजारो डॉलरचा असतो. एकदा लंगडणं डॉक्टरांच्या कागदावर आलं, की नंतर घेतलेला विमा त्याचे पैसे देत नाही, तेव्हा विमा आधी काढा. सोफ्याला पायऱ्या लावा. इवल्याशा जबड्यात ४२ दात दाटीनं बसतात, दुधाचे कधी पडतच नाहीत आणि हिरड्या लवकर खराब होतात. दात रोज घासा, कुत्र्यांच्याच पेस्टनं. आपली पेस्ट त्यांना चालत नाही.

खाण्यापिण्याबद्दल मराठी घरांना वेगळं सांगायला हवं. साताऱ्याहून सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या, तेव्हा लवंगीला जेवताना तूप लावलेली पोळी मिळू लागली. पाच किलोंच्या कुत्र्याला एवढी एक पोळी म्हणजे दिवसभराच्या उष्मांकांचा जवळपास तिसरा हिस्सा होतो. वजन वाढलं की भार गुडघ्यांवर येतो. मी त्यांना नको म्हटलं नाही. तिचं वाटीभर दाणेदार खाणं त्यांच्याच हाती सोपवलं आणि "आई, हेच तुमच्या हातानं भरवा" म्हटलं, तेव्हा तिढा सुटला. बेदाणे आणि द्राक्षं मात्र एकही नको. शिऱ्यातला बेदाणा, प्रसादाच्या वाटीतला मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि शरीर लहान तितकं विष कमी पुरतं. २०२१ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी यामागे टार्टारिक आम्ल असावं असं मांडलं. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, म्हणून आमटीचा भात बंद. कांदा-लसूण मसाल्यातलं काहीही नको. चॉकलेट नको. साखरमुक्त च्युइंगममधलं झायलिटॉल तर फार थोड्या वेळात घात करतं.

इथल्या उपनगरांतही कायोटी, म्हणजे कोल्ह्यासारखे रानटी प्राणी, फिरतात, त्यामुळे पहाटे आणि तिन्हीसांजेला तिला अंगणात एकटं सोडायचं नाही. वसंत सरताना वाळणाऱ्या फॉक्सटेल गवताची कुसळं कानात, नाकात, बोटांच्या बेचक्यात घुसतात, फिरून आल्यावर पंजे तपासायचे. चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या फटाक्यांना बिथरून कितीतरी कुत्री पळतात, तेव्हा मायक्रोचिपवर तुमचा आताचा फोन नंबर आहे ना, ते आधीच पाहून घ्या.

हे सगळं वाचूनही असं कुत्रं हवंसं वाटत असेल, तर जरूर आणा. मात्र पिल्लाचा मोह सोडा आणि दोन-तीन वर्षांचं, स्वभाव घडलेलं कुत्रं बघा. अनेक शेल्टर काही आठवडे सांभाळायला म्हणून देतात. ती सोय असेल तर घ्याच, आणि घरातल्या सगळ्यांसमोर त्याचं खरं वागणं पाहा. तिथल्या माणसांना विचारा, याला कशाचा राग येतो, उचललेलं चालतं का, मुलांसोबत राहिलंय का. घरात पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर दोन वर्षं थांबा. ही कुत्री पंधरा वर्षंही जगतात, आणि शेल्टरमध्ये तेव्हाही ती वाट पाहत असतीलच.