जागेचे पैसे

अगं, भाच्यासाठी गेम कन्सोल बघताना तुला दिसलेल्या त्या दोन सारख्या खोक्यांमधला पन्नास डॉलरचा फरक फक्त जागेचा आहे. एक्सबॉक्स सिरीज एस ५१२ जीबीचा ३९९.९९ डॉलरला, १ टीबीचा ४४९.९९ ला. चिप तीच, चित्र तेच, कंट्रोलर तोच. हे २०२५ च्या ऑक्टोबरात वाढलेले भाव आहेत, म्हणून घ्यायच्या दिवशी एकदा बघून घे. आणि आपल्याला एमआरपीची सवय, तेव्हा लक्षात ठेव की इथे अमेरिकेत लेबलवर टॅक्स धरलेला नसतो. न्यू जर्सीत ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स लागला की ३९९.९९ चे ४२६.४९ होतात.

भाऊजी म्हणतात ना, थांबू या, वर्षभरात स्वस्त होईल? पूर्वी त्यांचं बरोबर ठरलं असतं. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला आणि २००९ मध्ये ९९ वर उतरला. आता उलटी गंगा आहे. हाच सिरीज एस २०२० मध्ये २९९ चा होता. प्लेस्टेशन ५ सुद्धा २०२५ च्या ऑगस्टमध्ये इथे पन्नास डॉलरने महागला. घ्यायचं नक्की असेल तर थँक्सगिव्हिंगच्या सेलपर्यंत थांब, वर्षभर मुळीच थांबू नकोस.

आता जागेचं. खोक्यावर किती जीबी लिहिलेत हे सगळेच बघतात. तू त्याच्या पुढचा प्रश्न विचार: पुढे जागा कमी पडली, तर वाढवायची कशाने? बाजारात कुणाचीही मिळणारी वस्तू चालते, की त्याच कन्सोलसाठी बनवलेली घ्यावी लागते? माझ्या मते सगळा हिशोब इथेच ठरतो.

सिरीज एसचं बघ. ५१२ जीबी लिहिलेलं असलं तरी सिस्टिमने आपली जागा घेतल्यावर गेमसाठी साधारण ३६४ जीबीच उरतात. एकट्या कॉल ऑफ ड्यूटीला शंभराच्या वर लागतात. वाढवायचं तर मागच्या स्लॉटमध्ये बसणारं खास एक्सबॉक्सचं कार्डच हवं. २०२० मध्ये ते फक्त सीगेटचं मिळायचं, १ टीबीला २१९.९९ डॉलर. कन्सोल २९९ चा आणि कार्ड २२० चं! २०२३ मध्ये वेस्टर्न डिजिटलचं कार्ड आलं आणि भाव दीडशेच्या आसपास उतरला. म्हणजे आज पन्नास वाचवायचे आणि उद्या दीडशे मोजायचे. म्हणून सिरीज एस घेणार असशील, तर १ टीबीचाच घे. यूएसबीला साधी हार्ड ड्राइव्ह लावता येते, पण तिच्यावरून जुने, एक्सबॉक्स वन आणि त्याआधीचे गेमच चालतात. नवे तिथे नुसते ठेवायचे आणि खेळायच्या वेळी आत आणायचे.

त्याच कन्सोलची खास वस्तू घ्यायला लावणं हे आजचं नाही. २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० आला, तेव्हा २९९ डॉलरच्या ‘कोअर’मध्ये हार्ड ड्राइव्हच नव्हती. खेळ सेव्ह करायचा तर ६४ एमबीचं मेमरी कार्ड ४० डॉलरला वेगळं घ्यायचं. कमी किमतीची पाटी बघून ते घेणाऱ्या आईबापांचं मला फार वाईट वाटतं. पुढच्याच वर्षी प्लेस्टेशन ३ आला, तो महाग होता, पण त्यात लॅपटॉपची साधी हार्ड ड्राइव्ह घरच्या घरी बदलता यायची.

सोनीने ती सोय प्लेस्टेशन ५ मध्येही ठेवली आहे. बाजारात मिळणारी एम.२ एसएसडी घ्यायची, फक्त खोक्यावर पीसीआयई जेन ४, वाचण्याचा वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त, आणि हीटसिंक, या तीन गोष्टी असायला हव्यात. बसवायला घाबरू नकोस, मिक्सरचं भांडं बसवण्याइतकंच सोपं आहे. कन्सोल पूर्ण बंद करून वायरी काढायच्या, पांढरं कव्हर सरकवायचं. खाली धातूची छोटी पट्टी असते, तिचा एक स्क्रू काढायचा. आत शेंगदाण्यापेक्षाही लहान असा एक गोल स्पेसर असतो. तो एसएसडीच्या लांबीप्रमाणे, बहुतेकदा ८० च्या खुणेवर, हलवायचा, एसएसडी तिरकी सरकवून आडवी दाबायची आणि स्क्रू लावायचा. सुरू केलं की स्क्रीनवर फॉरमॅट करायचं विचारतं. भाच्याला शेजारी बसव, त्यालाच स्क्रूड्रायव्हर दे. त्यामुळे प्लेस्टेशन घेताना जास्त जागेसाठी आज जादा पैसे मोजू नकोस. वर्षभराने खरंच कमी पडली, तर तेव्हा घालता येईल.

डिस्कच्या बाबतीत मात्र माझा सल्ला उलटा आहे. २०२५ च्या त्या वाढीनंतर डिस्क ड्राइव्हचा प्लेस्टेशन ५ होता ५४९.९९ ला, बिनडिस्कचा ४९९.९९ ला, आणि ड्राइव्ह नंतर वेगळी घेतली तर ७९.९९. सुरुवातीलाच डिस्कवाला घे. डिस्क असली तरी गेम आत उतरवावाच लागतो, त्यामुळे जागा वाचत नाही, पण पैसे वाचतात. जुन्या डिस्क विकता येतात, मैत्रिणीच्या मुलाशी अदलाबदल करता येते. इथल्या कितीतरी गावांची सार्वजनिक लायब्ररी पुस्तकांसारखेच गेमही फुकट घरी देते. सिरीज एसला डिस्क ड्राइव्हच नाही, म्हणून मला तो दिसतो तितका स्वस्त वाटत नाही.

निन्टेन्डो स्विच २ मध्ये जागेची निवडच नाही: २५६ जीबी, २०२५ मध्ये आला तेव्हा ४४९.९९ डॉलरला. वाढवायला मायक्रोएसडी एक्स्प्रेस कार्डच लागतं. घरात पडलेली जुनी मायक्रोएसडी गेमसाठी चालत नाही. पण निन्टेन्डोचे स्वतःचे गेम कार्ट्रिजवर घेतलेस तर मशीनमधली जागा फारशी जात नाही. फक्त डबीवर ‘गेम-की कार्ड’ लिहिलंय का ते बघ. तसं असेल तर कार्डात नुसती किल्ली असते, गेम सगळा डाउनलोड करावा लागतो.

आणि हे सगळं करण्याआधी एकदा चिरंजिवांना जवळ घेऊन विचार, की तू नक्की काय खेळणार? माइनक्राफ्ट, रोब्लॉक्स आणि फुटबॉलचा एखादा गेम, एवढंच असेल तर लहान जागाही त्याला वर्षानुवर्षं पुरेल. मित्रांबरोबर मोठे गेम खेळणार असेल, तर एका वेळी तीनच ठेवायचे, चौथा हवा तर एक काढायचा, असं आधीच ठरवून टाक. गेम काढला की केलेली सगळी मेहनत पुसली जाईल, या भीतीने मुलं रडकुंडीला येतात. त्याला समजावून सांग की प्लेस्टेशन आणि स्विचवर सेव्ह वेगळं राहतं, एक्सबॉक्सवर ते इंटरनेटवरही जपलं जातं. मात्र पुन्हा उतरवायला वेळ लागतो, आणि तुमच्या इंटरनेट प्लॅनला महिन्याची मर्यादा असेल तर शंभर जीबी तीनचारदा उतरवणं जड जाईल. भाऊजींना तेवढं बिल बघायला सांग.

पावती मात्र जपून ठेव, आणि खोकं भेट द्यायच्या दिवसापर्यंत उघडू नकोस. सणाच्या खरेदीला बरीच दुकानं परतीची मुदत जानेवारीपर्यंत वाढवतात. तोवर त्याचं मन बदललं तर बदलून आणता येईल.