पंधरा मिनिटं दे, पण मनापासून

अगं, दरवर्षी "मला कुठे पक्षी ओळखता येतात?" म्हणून तू बाजूला होतेस ना, त्याबद्दलच बोलायचंय. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो. १९९८ साली अमेरिकेत कॉर्नेलची पक्षी-प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांनी ही गणना सुरू केली. २०१३ पासून ती जगभर होते, आणि आपल्याकडे 'बर्ड काउंट इंडिया' तिचं काम बघते. निदान पंधरा मिनिटं पक्षी बघायचे, मोजायचे आणि 'ईबर्ड'वर यादी भरायची, एवढंच काम. गच्ची चालते, कॉलेजचं आवार चालतं, एसटी स्टँडमागचा वडसुद्धा चालतो.

आणि ओळखता येत नाहीत कसे? कावळा, चिमणी, पारवा, साळुंकी, बुलबुल, घार, कोकीळ, पोपट, भारद्वाज, बगळा. झाले की दहा!

"कावळे-चिमण्या काय लिहायच्या?" असं मात्र म्हणू नकोस. चिमण्या संपल्या, असं आपण सगळेच म्हणत होतो. २०२० साली देशभरातल्या हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला, तेव्हा कळलं की एकूण देशात चिमणी बरीचशी टिकून आहे. घटली आहे ती मुंबईसारख्या महानगरांत. २०२३च्या अहवालाने उलटा धक्का दिला. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीलपंख, आपला चाष, चांगलाच कमी झालाय. तारेवर बसलेला सहज दिसायचा, म्हणून त्याची काळजी करावी असं फारसं कुणाला वाटलंच नव्हतं. नेहमीचा पक्षी कमी होतोय हे कळायला तो नेहमी लिहिलेला असावा लागतो गं.

म्हणून यादी भरताना 'ही पूर्ण यादी आहे का?' या प्रश्नाकडे नीट लक्ष दे. पूर्ण म्हणजे तिथले झाडून सगळे पक्षी नव्हेत. तुला ओळखता आले ते सगळे, एकही न गाळता. अभ्यासक बघतात की अशा शंभर याद्यांपैकी किती याद्यांत एखादा पक्षी आलाय. तू कंटाळून कावळा गाळलास, तर तुझ्या गल्लीत कावळा दिसला नाही असाच अर्थ निघेल. वेळही खरी लिही, आणि चालत गेलीस तर अंतरही. जागा बदलली की नवी यादी. थवा आला तर आधी दहा पक्षी मोज, मग तेवढे दहा-दहाचे गट नजरेने धर. पळस आणि सावर फुलायचे हेच दिवस, त्यामुळे भोरड्यांचे थवे दिसतील. मध्य आशियाकडून हिवाळ्यासाठी आलेल्या पाहुण्या त्या. बघताना मोजायचं विसरायला होतं, सांभाळ.

फांद्यांत वळवळणारा बारकासा वटवट्या ओळखला नाही, तर अंदाजाने नाव टाकू नकोस. त्यात कमीपणा नाही. ते पक्षी भल्याभल्यांना चकवतात. 'मर्लिन' ॲप आवाज ऐकून नाव सुचवतं, पण डोळ्यांनी खात्री कर, मगच लिही. तुझ्या नोंदीबद्दल तपासणाऱ्याने विचारणा केली तर रागावू नकोस. तेही बहुतेक आपल्यासारखेच बिनपगारी काम करतात, आणि त्यांच्या त्या चौकशीमुळेच या माहितीवर विश्वास ठेवता येतो.

दोन गोष्टी मोठी बहीण म्हणून सांगते. पहाटे ओसाड तळ्यावर एकटी जाऊ नकोस. मैत्रिणीला घे, घरी सांगून जा. गच्चीवरच्या यादीचं मोल तळ्यावरच्या यादीपेक्षा कमी नसतं. दुसरं, फोटोसाठी घरट्याजवळ जायचं नाही आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायचं नाही. त्याला तो प्रतिस्पर्धी वाटतो, आणि ऐन कामाच्या वेळी बिचारा भांडायला धावतो.

आईलाही बरोबर घे. तांबटाचा टुकटुक आवाज तिला आपल्या आधी कळतो. ईबर्डवर आजच खातं उघड आणि गणनेआधी एखादी सरावाची यादी भर. कुठे अडलीस तर रात्री उशिरा का होईना, फोन कर.