लोकस्मृतीतील रणगाडे : असल उत्तरचे एक वाचन

पराभूत सैन्याचे स्मरण जेता कोणत्या रूपात करतो, हा लोकसंस्कृतीच्या अभ्यासातील एक मूलभूत प्रश्न होय. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातील खेमकरणजवळ, असल उत्तर येथे पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनचा पराभव झाला. या विजयामागे पाणी सोडून दलदल केलेली शेते, उसात दबा धरून बसलेले थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन व डेक्कन हॉर्सचे शर्मन रणगाडे आणि पायदळाची चिकाटी होती. लोकस्मृतीने मात्र एकच प्रतिमा निवडली : जीपवरील तोफेने पॅटन रणगाडे फोडणारे अब्दुल हमीद. चेतन आनंद यांच्या 'परमवीर चक्र' (१९८८) या दूरदर्शन मालिकेने ती अधिक दृढ केली. अजस्र दैत्य आणि एकाकी वीर हा जुना आदिबंध येथे कार्यरत दिसतो. हमीदांचे शौर्य निर्विवाद आहे. परंतु या आदिबंधात सामूहिक नियोजनाला जागा उरत नाही आणि शत्रूच्या रणगाड्यांतही माणसे होती, याचा विसर पडतो. हस्तगत रणगाडे जेथे मांडले गेले, त्या जागेला मिळालेल्या 'पॅटन नगर' या नावात लोखंड उरले, माणसे गळाली. अहिल्यानगरच्या (पूर्वीचे अहमदनगर) रणगाडा संग्रहालयातील पॅटनही असाच मूक आहे. लोकस्मृतीचे वाचन करताना ही गाळलेली पाने प्रथम उलगडावयास हवीत.