एक बिंदू, एक रेघ आणि थोडी मोकळी जागा

पुढील चिठ्ठी वाचा. शेतावरच्या पंपाच्या खोलीत थोरल्या भावाने धाकट्यासाठी ती ठेवली आहे असे समजा :

पंप बंद नको चालू ठेवू

धाकट्याने काय करावे? ‘पंप बंद नको, चालू ठेवू.’ असे वाचले तर पंप रात्रभर चालेल. ‘पंप बंद. नको चालू ठेवू.’ असे वाचले तर पंप लगेच थांबेल. शब्द तेच, त्यांचा क्रम तोच. बदलले ते फक्त थांबण्याचे ठिकाण. थोरला भाऊ समोर उभा राहून बोलला असता तर त्याच्या आवाजाच्या चढउतारावरून अर्थ कळला असता. कागदाला आवाज नसतो; म्हणून विरामचिन्हे लागतात.

आपल्या भाषेत ही चिन्हे पूर्वीपासून नव्हती. जुने संस्कृत ग्रंथ एका किंवा दोन उभ्या दंडांवर काम भागवीत. मोडीत तर कारकून आधी आडवी रेघ ओढून घेई आणि तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. शब्द कुठे संपला आणि वाक्य कुठे संपले हे वाचणाऱ्याने ओळखायचे. आजची स्वल्पविराम, पूर्णविराम ही मंडळी एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या वाटेने मराठीत आली. ती रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने मेजर थॉमस कँडी (१८०४–१८७७) यांना देतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातही त्यांचा हात होता.

विरामचिन्हांइतकीच महत्त्वाची, पण डोळ्यांना न दिसणारी गोष्ट म्हणजे शब्दांमधली मोकळी जागा. ही ‘काहीच नाही’ अशी गोष्ट नव्हे. शिशाचे खिळे जुळवून छपाई होत असे तेव्हा ही जागा हातात धरता येत असे! दोन शब्दांच्या मध्ये जुळारी एक ठेंगणा खिळा बसवी. इतर खिळ्यांपेक्षा तो बुटका असल्यामुळे त्याला शाई लागत नसे. तो चुकून वर सरकला तर कागदावर काळा डाग उमटे. संगणकालाही मोकळी जागा हे एक चिन्हच वाटते. प्रत्येक अक्षराला जसा क्रमांक असतो तसा तिलाही आहे, तो म्हणजे ३२.

मराठीत या जागेची चूक सर्वांत जास्त कुठे होते? विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये तोडून लिहिण्यात. ‘झाडा वर’, ‘पाण्या मध्ये’ असे लेखन दुकानांच्या पाट्यांवर तुम्ही रोज पाहता. ते नुसते कुरूपच दिसते असे नाही. ही दोन वाक्ये पाहा :

माती मुळे धरून ठेवतात.
मातीमुळे धरून ठेवतात.

पहिल्या वाक्यात झाडाची मुळे माती धरून ठेवतात. जमिनीची धूप का थांबते याचे ते उत्तर आहे. दुसऱ्यात ‘मुळे’ हे अव्यय झाले, आणि मातीच्या कारणाने कोणीतरी काहीतरी धरून ठेवते एवढाच अर्थ उरला. एक जागा गेली आणि तिच्याबरोबर वाक्यातली झाडाची मुळेही गेली. शुद्धलेखन तपासणाऱ्या संगणकाला ही चूक सापडणे कठीण, कारण दोन्ही रूपे शुद्ध आहेत. ती सापडेल ज्याला विषय कळतो त्याला.

आता थोडे मोठ्या नुकसानीकडे वळू. २२ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने केप कॅनाव्हेरल येथून मरिनर-१ हे यान शुक्राकडे सोडले. उड्डाणानंतर थोड्याच वेळात अग्निबाण वाट सोडून भरकटू लागला. तो वस्तीवर किंवा जहाजांच्या मार्गावर कोसळू नये म्हणून सुरक्षा अधिकाऱ्याने उड्डाणानंतर २९३ व्या सेकंदाला तो उडवून देण्याची आज्ञा दिली. आणखी सहा सेकंदांनी यान अग्निबाणापासून सुटे झाले असते, आणि मग ते नष्ट करता आले नसते.

चौकशीत दोन दोष निघाले. पहिला दोष यंत्राचा होता. जमिनीवरून अग्निबाणाला मार्ग दाखविणाऱ्या रेडिओ यंत्रणेतील एक भाग नीट चालेना, त्यामुळे वेगाविषयीची माहिती तुटक आणि हेलकावे खात येऊ लागली. तेवढ्याने अनर्थ झाला नसता. दुसरा दोष मात्र लिहिण्याचा होता. मार्गदर्शनाच्या समीकरणात वेग दाखविणाऱ्या अक्षराच्या डोक्यावर एक आडवी रेघ हवी होती, आपल्या शिरोरेषेसारखी. गणितात अशा रेघेचा अर्थ ‘सुटी किंमत घेऊ नका, सरासरी काढून हेलकावे घालविलेली किंमत घ्या’ असा होतो. समीकरणे उतरविताना ती रेघ राहून गेली. संगणकाने वेगातला प्रत्येक क्षुल्लक हेलकावा खरा मानला आणि नको त्या दुरुस्त्या अग्निबाणाला कळविल्या. त्या काळच्या वृत्तांतांत या रेघेला ‘संयोगचिन्ह’ म्हटले गेले, म्हणून ही गोष्ट ‘एका संयोगचिन्हाची चूक’ या नावाने जगभर पसरली. नुकसान सुमारे १ कोटी ८५ लाख डॉलरचे झाले. दुरुस्तीनंतर २७ ऑगस्टला मरिनर-२ सुटले आणि १४ डिसेंबर १९६२ रोजी ते शुक्राजवळून सुखरूप गेले.

काही पुस्तकांत मरिनर-१ चा नाश स्वल्पविरामाऐवजी पूर्णविराम पडल्यामुळे झाला असे लिहिलेले आढळते. ते खरे नाही. दोन गोष्टींची ती सरमिसळ आहे. पण ती दुसरी गोष्टही ऐकण्यासारखी आहे. फोर्ट्रान या संगणकभाषेच्या जुन्या रूपात शब्दांमधल्या मोकळ्या जागेला काहीच किंमत नव्हती. संगणक ती गाळूनच वाचत असे. त्या भाषेत

डीओ १० आय = १,१०

अशी ओळ लिहिली की तिचा अर्थ होई : ‘आय’ला १ पासून १० पर्यंत एकेक किंमत दे आणि १० क्रमांकाच्या ओळीपर्यंतचे काम दर वेळी पुन्हा कर. आता स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडले तर? संगणक जागा गाळणार आणि वाचणार : ‘डीओ१०आय’ नावाच्या राशीची किंमत १.१० आहे! दहा वेळा करायचे काम एकदाच होईल, आणि संगणक चूक झाल्याचे सांगणारही नाही, कारण त्याच्या मते ओळ अगदी शुद्ध आहे. अशी चूक अमेरिकेच्या मर्क्युरी या अंतराळप्रकल्पातील एका गणनेत झाली होती. ती वेळीच सापडली.

तुमच्या प्रयोगवहीत अग्निबाण नसतो, पण टिंबे आणि रेघा असतातच. दशांशचिन्ह आणि पूर्णविराम आपल्याकडे एकाच टिंबाने दाखवितात. त्यांतला फरक केवळ शेजारच्या जागेवरून कळतो. ‘४.५’ ही एक संख्या आहे. ‘४. ५’ लिहिले की चारवर वाक्य संपून पाचाने नवे सुरू झाल्यासारखे दिसते. फ्रान्स, जर्मनीसारख्या देशांत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात, त्यामुळे तिकडच्या पुस्तकात ‘३,१४’ दिसले तर तीनशे चौदा समजू नका. वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००३ साली टिंब व स्वल्पविराम ही दोन्ही चिन्हे ग्राह्य ठरविली आहेत. औषधाच्या चिठ्ठीत मात्र टिंब जिवावर बेतू शकते. ‘.५’ मधले टिंब पुसट उठले तर ५ होतात, आणि ‘५.०’ मधले दिसले नाही तर ५०, म्हणजे दसपट! म्हणून अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००४ पासून असा दंडक घातला, की टिंबाआधी शून्य लिहावे (०.५) आणि पूर्ण संख्येनंतर टिंब व शून्य लिहू नये (नुसते ५). प्रयोगशाळेत ५.० ला वेगळा अर्थ आहे, तो मोजमापाची अचूकता सांगतो. तेथे तो लिहायलाच हवा. नियम कशासाठी केला आहे हे कळले म्हणजे तो कुठे लावायचा हेही कळते.

एककांच्या बाबतीत एक गंमत आहे. मीटरसाठी इंग्रजी लिपीतील लहान ‘एम’ आणि सेकंदासाठी लहान ‘एस’ वापरतात. दोहोंत जागा सोडली तर अर्थ होतो मीटर-सेकंद, म्हणजे दोन एककांचा गुणाकार. ती जोडून लिहिली तर होतो मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. येथे मोकळी जागा चक्क गुणाकाराचे चिन्ह झाली आहे.

इतके असूनही आपल्याच लिखाणातल्या चुका आपल्याला का दिसत नाहीत? याचे उत्तर आळसात नाही, डोळ्यांत आणि मेंदूत आहे. वाचताना आपली नजर ओळीवरून गाडीसारखी सरळ जात नाही. ती उड्या मारीत जाते हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये लुई एमिल जाव्हाल यांच्या प्रयोगशाळेत लक्षात आले. दर मुक्कामी नजर सुमारे पाव सेकंद थांबते. डोळ्याच्या पडद्यावरील पीतबिंदूच्या मध्यभागी जेवढा भाग पडतो तेवढाच अगदी स्पष्ट दिसतो, म्हणजे एका वेळी जेमतेम सात-आठ अक्षरे. मधला भाग मेंदू अंदाजाने भरून काढतो. लिखाण आपलेच असले की काय लिहिले आहे हे मेंदूला आधीच ठाऊक असते, आणि तो न लिहिलेला पूर्णविरामही ‘पाहतो’.

तेव्हा परक्याचे लिखाण घेऊ. एका प्रयोगवहीतील हा काल्पनिक उतारा पाहा. त्यात विरामचिन्हांच्या आणि जागेच्या चुका नऊ ठिकाणी आहेत. पेन्सिल घ्या, आणि पुढचे वाचण्यापूर्वी त्या शोधा.

चंचुपात्रात १०० .० मिली पाणी घेतले .त्यात ५ग्रॅम मीठ टाकून ढवळले मीठ विरघळल्या वर ते द्रावण (तापमान २७ अंश शीतपेटीत ठेवले. दोन तासांनी तापमान - २ अंश झाले ,तरी द्रावण गोठले नाही

सापडल्या? ‘१०० .०’ मधली जागा नको. ‘घेतले’ला पूर्णविराम चिकटायला हवा आणि जागा त्याच्यानंतर हवी. ‘५’ आणि ‘ग्रॅम’ यांत जागा हवी. ‘ढवळले’नंतर पूर्णविराम नाही. ‘विरघळल्यावर’ हा एकच शब्द आहे. कंस उघडला, पण ‘अंश’नंतर मिटला नाही. ‘झाले’नंतरचा स्वल्पविराम शब्दाला सोडून पुढच्या शब्दाला चिकटला आहे. शेवटी पूर्णविराम नाही. या आठ झाल्या. नववी सर्वांत घातक आहे : ‘- २’. उणे चिन्ह आकड्यापासून दूर गेले, त्यामुळे ते अपसारणचिन्ह वाटते आणि तापमान अधिक २ अंश सेल्सिअस होते असा अर्थ निघतो. अधिक २ अंशांना साधे पाणीही गोठत नाही! मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो हे दाखवायला केलेला सारा प्रयोगच त्या एका जागेने निकामी झाला. उणे चिन्ह ओळीच्या शेवटी आणि आकडा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला गेला तरी हेच होते. लिहिताना तेवढे जपा.

तपासण्याच्या युक्त्या छापखान्यातल्या मुद्रितशोधकांकडून घ्याव्यात. लिखाण झाल्या झाल्या तपासू नका, निदान एक रात्र जाऊ द्या. ओळीखाली पट्टी धरा, म्हणजे नजरेला लांब उडी मारता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट पाहा : एका फेरीत फक्त कंस आणि अवतरणचिन्हे, उघडली तितकी मिटली का ते मोजायचे, दुसऱ्या फेरीत फक्त आकडे आणि एकके. शेवटच्या वाक्यापासून उलट वर येत वाचले की कथानकाचा ओघ तुटतो आणि मेंदूचा अंदाज चालत नाही. सर्वांत खात्रीची रीत जोडीने तपासण्याची आहे. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, चिन्हेही उच्चारायची (‘पाणी घेतले पूर्णविराम त्यात पाच ग्रॅम...’), आणि दुसऱ्याने नक्कल पाहायची. संगणकावर लिहिले असेल तर लागोपाठ दोन जागा, किंवा स्वल्पविरामापूर्वीची जागा, शोधायला सांगता येते. तेवढे हमालीचे काम त्याच्यावर सोपवावे.

आता शेवटचा प्रश्न. किती चुका सापडल्या हे कळले, पण किती राहिल्या हे कसे कळणार? न सापडलेल्या गोष्टी मोजायच्या कशा? जॉर्ज पोल्या (१८८७–१९८५) या गणितज्ञांनी १९७६ साली एका छोट्या लेखात याची सोपी रीत मांडली. समजा, एकच मजकूर सुनंदा आणि रफीक यांनी एकमेकांना न विचारता तपासला. सुनंदाला २० चुका सापडल्या, रफीकला १५, आणि त्यांतल्या १२ दोघांनाही सापडल्या. सुनंदाने पकडलेल्या २० पैकी १२ रफीकने पकडल्या, म्हणजे रफीकची नजर शंभरात ६० चुका पकडते. मग त्याच्या १५ चुका या एकूण चुकांच्या ६० टक्के असणार. म्हणजे एकूण चुका २५. दोघांनी मिळून २० + १५ – १२ = २३ वेगवेगळ्या चुका काढल्या. तेव्हा सुमारे २ अजून मजकुरात दडून आहेत! तळ्यातले मासे मोजायलाही हीच रीत वापरतात : काही मासे पकडून खूण करून सोडायचे, आणि पुढच्या खेपेला जाळ्यात खुणेचे किती आले ते पाहायचे.

हा प्रयोग वर्गात सहज होण्यासारखा आहे. शिक्षकांनी एका पानात ३० चुका मुद्दाम पेराव्यात, संख्या कोणाला सांगू नये, आणि प्रत्येक जोडीने स्वतंत्रपणे तपासून एकूण चुकांचा अंदाज काढावा. बहुतेक जोड्यांचा अंदाज ३० पेक्षा थोडा कमीच येईल. ठळक चुका दोघांनाही दिसतात आणि बारीक चुका दोघांच्याही नजरेतून निसटतात, त्यामुळे सामाईक चुकांचा आकडा फुगतो. कोणत्या जातीच्या चुका सर्वांकडून निसटल्या त्याची वेगळी यादी फळ्यावर करून पाहा. मोकळ्या जागेच्या चुका त्या यादीत वर असण्याचा संभव अधिक आहे.