हरणांच्या वाटेवरील परसबागेत लहान तळे

चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती, चिमूर, मूल, सिंदेवाही या तालुक्यांत जंगलाला लागून असलेल्या गावांची संख्या बरीच आहे. अशा गावांतील घरामागच्या वाडीत वांगी, मिरची, वाल, भोपळा, एखादे लिंबाचे वा पपईचे झाड असा संसार असतो. त्या वाडीत एक लहानसे तळे करावे, छपरावरील पावसाचे पाणी त्यात साठवावे, झारीने भाजीला द्यावे, चार कमळे लावावीत, ही इच्छा पुष्कळ शेतकरी बांधव बोलून दाखवितात. इच्छा चांगली आहे. तथापि ज्या मुलखात चितळ, सांबर आणि रोही रात्री शिवारात उतरतात, तेथे तळे खोदण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर ठरविले पाहिजे. ते म्हणजे, हे पाणी कोणासाठी?

चैत्र-वैशाखात जंगलातील नाले आटतात. त्या दिवसांत पाणी जेथे असेल तेथे चितळांचा कळप येणारच, आणि कळपामागे बिबट व वाघ येतात. घरापासून वीस पावलांवर चितळांना पाणी पिण्याची सवय लावणे म्हणजे त्यांच्या शिकाऱ्यालाही अंगणाची वाट दाखविणे होय. शिवाय लाळ्या-खुरकूत हा रोग गुरांना होतो तसाच हरणांनाही होतो. गोठ्यातील गाय आणि रानातील चितळ यांचे पाणी एक नसावे. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, परसातील तळे कुंपणाच्या आत असावे व ते फक्त वाडीसाठी असावे. वन्य प्राण्यांसाठी पाणवठा करावयाचा असेल तर तो गावापासून दूर, वन विभागाच्या संमतीने व ग्रामसभेत विचार करूनच करावा. ताडोबाच्या जंगलात वन विभागाने सौरपंपावर चालणारे पाणवठे केले आहेत. त्यांची जागा निवडताना गाव, रस्ता व शेत यांचा विचार केलेला असतो. तो विचार एकट्या शेतकऱ्याने आपल्या बांधावर करणे अवघड आहे.

आता तळ्याच्या आकाराकडे वळू. आपल्या भागातील जुनी बोडी पाहावी. खालच्या अंगाला मातीची पाळ, आणि वरच्या अंगाने जमीन हळूहळू पाण्यात उतरत गेलेली. कोहळी समाजाने बांधलेल्या मोठ्या तलावांचीही घडण अशीच आहे. त्यात जनावर चालत उतरते व चालतच बाहेर येते. याउलट प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याच्या चारही बाजू उताराच्या व गुळगुळीत असतात. तहानलेले हरीण त्यात उतरते, खुर घसरतात, आणि पोहून दमल्यावर ते बुडते. माणसेही अशा तळ्यांत बुडाली आहेत, लहान मुले विशेष. तळे लहान आहे म्हणून धोका नाही असे कोणी समजू नये. रांगत्या मुलाला फूटभर पाणीही घातक ठरते. तेव्हा कुंपण असले तरी तळ्याची एक बाजू बोडीसारखी सपाट ठेवलीच पाहिजे. कुंपण कधी ना कधी मोडते.

माप असे घ्यावे. वरची लांबी ४ मीटर, रुंदी अडीच मीटर, खोली ६० सेंटिमीटर. लांबीच्या एका टोकाकडून १ मीटर खोलीस ४ मीटर या प्रमाणात उतार द्यावा, म्हणजे २ मीटर ४० सेंटिमीटरची उतरण होते. उरलेल्या तीन बाजूंचा उतार एकास एक ठेवावा. तळाशी १ मीटर लांब व १ मीटर ३० सेंटिमीटर रुंद सपाट जागा राहते. अशा तळ्यात सुमारे ३,००० लिटर पाणी मावते. ५० चौरस मीटरच्या छपरावर ६० मिलिमीटर पाऊस पडला की तेवढेच पाणी येते. थोडी नासाडी धरली तरी जूनअखेर तळे भरण्यास अडचण पडत नाही.

उन्हाळ्याचा हिशेब मात्र आधीच करावा. कडक उन्हात दिवसाला सुमारे १० मिलिमीटर पाणी वाफ होऊन जाते. दहा चौरस मीटरच्या पृष्ठभागावर हे रोजचे १०० लिटर झाले. ज्या घरी एप्रिलमध्ये पिण्याच्या पाण्यासाठी हांडे घेऊन चालावे लागते, त्या घराने उन्हाळ्यात तळे भरीत बसू नये. ते आटू द्यावे, गाळ काढून भाजीच्या वाफ्यात टाकावा व पुन्हा पावसाची वाट पाहावी. आटलेल्या तळ्याला हरणेही येत नाहीत, हा लाभ वेगळाच. मात्र रिकाम्या तळ्यात प्लास्टिक उघडे पडून उन्हाने खराब होते, म्हणून त्यावर मातीचा थर असणे अवश्य आहे.

खोदाई झाल्यावर मुळ्या व टोकदार खडे वेचून काढावेत आणि ५ सेंटिमीटर चाळलेल्या मातीचा किंवा वाळूचा थर द्यावा. काळ्या मातीच्या भरवशावर राहू नये. ती भिजली की पाणी धरते, परंतु सुकली की भेगाळते. शेततळ्यासाठी मिळणारा ५०० मायक्रॉन जाडीचा कागद येथेही चालतो. त्याचे माप काढताना लांबी व रुंदी या प्रत्येकीत खोलीची दुप्पट आणि दोन्ही काठांसाठी मिळून १ मीटर २० सेंटिमीटर मिळवावे. आपल्या तळ्यास साडेसहा मीटर लांब व ५ मीटर रुंद तुकडा पुरेसा होतो. काठापासून ३० सेंटिमीटर अंतरावर तेवढ्याच खोलीचा चर काढून कागदाची कड त्यात पुरावी. उतरणीवर १५ सेंटिमीटर माती व तिच्यावर चपटे दगड बसवावेत. सांबराचे वा रोह्याचे वजन उघड्या कागदावर पडले तर खुराने तो फाटलाच म्हणून समजावे. उभ्या बाजूंवर काथ्याचे गाठी मारलेले दोर काठापासून तळापर्यंत सोडावेत. कोंबडीचे पिल्लू, घोरपड, मुंगूस त्यांच्या आधाराने वर येतात.

कुंपणाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. चितळ उडी चांगली मारते; जाळी २ मीटरपेक्षा कमी उंच असू नये. परंतु बहुधा ते खालून फट शोधते, आणि रानडुक्कर तर खालूनच येते. जाळीची खालची कड जमिनीत गाडावी किंवा दगडांनी दाबावी. जाळी परवडत नसेल तर बोरी-बाभळीच्या फांद्यांचे दुहेरी कुंपण व आतून अडुळशाची दाट ओळ लावावी. अडुळशाला जनावर सहसा तोंड लावीत नाही. घरातील विजेच्या तारेचा थेट प्रवाह कुंपणात सोडणे हा गुन्हा आहे, आणि अशा तारांनी विदर्भात वन्य प्राण्यांबरोबर शेतकऱ्यांचेही प्राण गेले आहेत. याबाबत गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी कोणाचीही भीड धरू नये.

वनस्पतींमध्ये काठाला वेखंड व गवती चहा उत्तम. दोन्ही उग्र वासाच्या आहेत. कमळाची कोवळी पाने सांबराला फार आवडतात, तेव्हा कुंपण पक्के असेल तरच कमळ लावावे. बेशरम व जलपर्णी यांना थारा देऊ नये. कण्हेर शोभिवंत खरी, पण विषारी आहे; तिची पाने पाण्यात पडू देऊ नयेत. मोहाच्या झाडाखाली तळे करू नये, कारण गळलेली फुले खाण्यास चितळे पहाटे येतातच.

साचलेल्या पाण्यात डासाची पैदास आठ-दहा दिवसांत पुरी होते. गप्पी मासे सोडावेत. ते आरोग्य केंद्राकडे मागावेत. हे मासे परदेशी असल्यामुळे तळे भरून वाहणाऱ्या नळीला बारीक जाळी बांधावी व ते नाल्यात जाऊ देऊ नयेत. फवारणीचा पंप या तळ्यात किंवा त्याच्या काठावर धुऊ नये.

एवढे करूनही एखादे हरीण आत पडले तर गाव गोळा करू नये. दोराने ओढलेले, माणसांनी घेरलेले हरीण केवळ धास्तीने मरू शकते. कुत्री बांधावीत, माणसे मागे न्यावीत, कुंपणाची एक बाजू मोकळी करावी आणि उतरणीची वाट त्याला दिसेल असे करून शांत राहावे. बहुतेक वेळा ते आपले आपण निघून जाते. जखमी असल्यास वनरक्षकास किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, आणि तो येईपर्यंत जनावरास हात लावू नये.